आधी नौका, मग मुलगी: 'कानकोरे' आणि 'अझूर लेन' समजून घेताना

जपानी शाही नौदलाची 'कोंगो' ही बॅटलक्रूझर (जड तोफांची वेगवान युद्धनौका) १९१३ साली पूर्ण झाली, पण जपानात नव्हे. ती इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसला, व्हिकर्स कंपनीच्या गोदीत बांधली गेली. शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, हीच कोंगो 'कानकोरे' नावाच्या एका ब्राउझर गेममध्ये तरुणी होऊन अवतरली. कमरेभोवती तोफांचे मनोरे, चहाची भारी आवड, आणि जपानी बोलता बोलता मध्येच इंग्रजी शब्द पेरायची खोड. नवख्या माणसाला ही खोड म्हणजे अ‍ॅनिमेतला नेहमीचा लाडिकपणा वाटतो. खरं तर तो कोंगोचा जन्मदाखला आहे. तिच्या तिन्ही बहिणी, हिएई, हारुना आणि किरिशिमा, जपानात बांधल्या गेल्या आणि त्या तसं बोलत नाहीत.

एवढं एक सूत्र धरलं की युद्धनौकांच्या मुली बनवणाऱ्या 'कानकोरे' आणि 'अझूर लेन' या गेमचा सगळा पसारा उलगडायला लागतो. चित्रकारासमोर आधी नौका असते: तिचं नाव, तिची बांधणी, तिची कारकीर्द, तिचा शेवट. मुलगी त्यातून काढलेली असते. बाहेरच्याला फक्त मुलगी दिसते. मुरलेला खेळाडू मुलीकडे बघून नौका ओळखतो.

कानकोरेचं पूर्ण नाव 'कान्ताई कलेक्शन', म्हणजे ताफ्याचा संग्रह. जपानी माणसं लाडाने 'कानकोरे' म्हणतात. २३ एप्रिल २०१३ रोजी डीएमएम या जपानी कंपनीच्या संकेतस्थळावर तो सुरू झाला. बनवला कादोकावा गेम्सने, निर्माता केन्सुके तानाका. यातल्या मुलींना 'कानमुसु' म्हणतात ('कान' म्हणजे युद्धनौका, 'मुसुमे' म्हणजे मुलगी), खेळणाऱ्याला 'तेइतोकू' म्हणजे अ‍ॅडमिरल, आणि शत्रूला 'शिंकाई सेइकान', खोल समुद्रात वस्ती करणाऱ्या नौका. सर्व्हरना नावं नौदलाच्या तळांची आहेत: योकोसुका, कुरे, सासेबो, माइझुरु, पुढे त्रुक, राबाउल वगैरे. पहिल्याच उन्हाळ्यात एवढी झुंबड उडाली की नवीन खातं उघडायला म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढावी लागली.

नावातच वर्ग असतो

जपानी नौदलाची नावं ठेवायची पद्धत कळली तर निम्मा गेम पाठ न करता लक्षात राहतो. बॅटलशिपला जुन्या प्रांतांची नावं: यामातो, नागातो, मुत्सु. जड क्रूझरला डोंगरांची, हलक्या क्रूझरला नद्यांची. विनाशिकांना वारा, पाऊस, बर्फ, लाटा, चंद्र यांची: फुबुकी म्हणजे हिमवादळ, शिगुरे म्हणजे शरदातली रिपरिप. विमानवाहू नौकांना उडणाऱ्या प्राण्यांची: हिर्यू हा उडता ड्रॅगन, शोकाकू हा झेपावणारा क्रौंच. आपल्याला हे नवं नाही. भारतीय नौदलातही विनाशिका शहरांच्या (दिल्ली, मुंबई, चेन्नई) आणि काही फ्रिगेट डोंगरांच्या. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक, सातपुडा आणि सह्याद्री या तिघी बहिणीच.

खरी गंमत अपवादांत आहे. 'आकागी' आणि 'कागा' विमानवाहू, मग नावं डोंगराचं आणि प्रांताचं कशी? कारण आकागीचं बांधकाम बॅटलक्रूझर म्हणून सुरू झालं होतं आणि कागाचं बॅटलशिप म्हणून. मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर दोघींचे सांगाडे विमानवाहू नौकांत बदलले, नावं राहिली. 'मोगामी' जड क्रूझर असून नदीच्या नावाची, कारण कागदोपत्री ती हलकी क्रूझर म्हणून बांधली होती. नंतर तिच्या १५.५ सेंटीमीटरच्या तोफा काढून २०.३ सेंटीमीटरच्या बसवल्या. कोंगोचं नावही डोंगराचं, कारण बॅटलक्रूझरचा नियमही तोच होता.

असंच चरित्र आकड्यांतही उतरतं. प्रत्येक मुलीला 'नशीब' नावाचा एक आकडा असतो. 'युकिकाझे' ही विनाशिका युद्धातल्या मोठमोठ्या लढायांतून जवळजवळ न ओरखडता परतली, १९४७ मध्ये चीनला दिली गेली आणि पुढे तैवानच्या नौदलात 'तान यांग' नावाने राबली. तिचं नशीब सुरुवातीपासूनच ५०. उलट 'तायहो' ही चिलखती डेकची नवीकोरी विमानवाहू १९ जून १९४४ ला पहिल्याच मोठ्या लढाईत एका पाणतीराने जायबंदी झाली. गळलेल्या पेट्रोलची वाफ आतल्या आत साठली आणि काही तासांनी तिने पेट घेतला. गेममध्ये तिचं नशीब तळाला आहे. पण तिचा चिलखती डेकही गेम विसरत नाही, त्याचा उपयोग पुढे येईल. 'हिबिकी' युद्धानंतर सोव्हिएत संघाला दिली गेली. पातळी ७० ला तिचं रूपांतर केलं की तिचं नाव 'व्हेर्नी' होतं आणि ती रशियन शब्द बोलायला लागते. नागातो बिकिनी बेटाजवळच्या १९४६ च्या अणुचाचण्यांत बुडाली. तिच्या तोंडी 'तो प्रकाश' असा उल्लेख येतो, तो कशाचा हे गेम सांगत बसत नाही.

चार साठे आणि एक विनोद

कानकोरेचा कणा लढाई नसून रसद आहे. इंधन, दारूगोळा, पोलाद आणि बॉक्साइट असे चार साठे. पहिले तीन दर ३ मिनिटांना ३ ने वाढतात, बॉक्साइट १ ने. म्हणजे दिवसाला पहिले तीन १४४० आणि बॉक्साइट फक्त ४८०. ही आपोआप होणारी भर मुख्यालयाची पातळी गुणिले २५०, अधिक ७५० या आकड्यापाशी थांबते. पातळी १ ला १०००, पातळी २० ला ५७५०. त्यावरचं सगळं मोहिमा आणि नेमून दिलेली कामं करून कमवायचं.

बॉक्साइट विमानांसाठी लागतं, कारण त्यातून अ‍ॅल्युमिनियम निघतं. विमानवाहू नौकेची विमानं पडली की तेच जातं. आकागी ही बहुतेकांना लवकर मिळणारी मोठी विमानवाहू, त्यामुळे नवख्यांचं बॉक्साइट तीच फस्त करते. यातून चाहत्यांनी तिला खादाड ठरवलं आणि चित्रांत तिच्या हातात भाताचा डोंगर दिला.

नवी मुलगी 'बांधताना' चार आकडे भरायचे असतात, प्रत्येकी किमान ३०. इंधन, दारूगोळा, पोलाद, बॉक्साइट या क्रमाने २५०/३०/२००/३० हे दुर्मीळ विनाशिकांसाठी आणि ४००/३०/६००/३० हे बॅटलशिपसाठी, ही दोन प्रमाणं सगळ्यांना तोंडपाठ. बटण दाबलं की घड्याळ सुरू होतं, आणि त्या वेळेवरूनच अंदाज बांधतात: ४ तास दिसले तर कोंगोच्या वर्गातली कोणीतरी, ५ तास म्हणजे नागातो किंवा मुत्सु. डिसेंबर २०१३ मध्ये 'मोठं बांधकाम' आलं आणि घात झाला. यामातोसाठी चालणारं प्रमाण ४०००/६०००/६०००/२०००. ६००० पोलाद म्हणजे चार दिवसांहून जास्त नुसतं बसून राहणं, आणि घड्याळात यामातोचे ८ तास दिसतील याची खात्री नाहीच. नवख्यांचे ताफे समुद्रात कमी बुडतात, या गोदीत जास्त.

नको असलेली मुलगी भंगारात काढता येते. हलकी क्रूझर मोडली तर २ इंधन, ४ दारूगोळा आणि ११ पोलाद मिळतं. 'नाका' ही हलकी क्रूझर सुरुवातीला इतक्यांदा मिळते की ती मोडणं हा रोजचा उद्योग झाला. स्वतःला ताफ्याची आयडॉल, म्हणजे पॉप तारका, समजणाऱ्या या मुलीला चाहत्यांनी '२-४-११' असं चिडवायला सुरुवात केली. पुढे त्याच आकड्यांचं तिच्या आवाजातलं अधिकृत गाणं निघालं. एक सूचना मात्र खरी: पहिली नाका मोडू नका. तिसरा ताफा उघडायला सेन्दाई, जिन्त्सू आणि नाका या तिघी बहिणी लागतात, आणि चौथ्यासाठी कोंगोच्या चौघी. मुलगी हाती आली की लगेच कुलूप लावायचं, म्हणजे चुकून मोडली जात नाही.

उरलेले ताफे मोहिमांवर पाठवून द्यायचे. मोहिमा खऱ्या घड्याळावर चालतात आणि त्यात लढाई नसते. ३७ व्या क्रमांकाची मोहीम 'तोक्यो एक्स्प्रेस': एक हलकी क्रूझर, पाच विनाशिका, त्यांतल्या किमान तिघींवर मिळून चार पिंपं. २ तास ४५ मिनिटांनी ३८० दारूगोळा आणि २७० पोलाद. पिंपं कशाला? १९४२ च्या अखेरीस प्रशांत महासागरातल्या ग्वादालकनाल बेटावर उपाशी असलेल्या जपानी सैन्याला रसद पोचवायला विनाशिका रात्री जात. उजाडायच्या आत विमानांच्या टप्प्याबाहेर परतायचं असल्याने माल उतरवायला वेळ नसे. म्हणून तरंगतील एवढीच भरलेली पिंपं दोराला बांधून किनाऱ्याजवळ सोडून देत. ३ डिसेंबरला सोडलेल्या सुमारे १५०० पिंपांपैकी ३०० च्या आसपासच किनाऱ्याला लागली. गेममध्ये नियम पाळले की मोहीम फत्ते होते. पिंपं लावायला विसरलात तर मात्र पावणेतीन तास वाया.

लढाईत करायचं काय?

जवळजवळ काहीच नाही. कोण कोण जाणार, कोणाच्या हातात काय द्यायचं, कोणती व्यूहरचना, आणि प्रत्येक चकमकीनंतर पुढे जायचं की परतायचं, एवढंच तुमच्या हातात. बाकी आपोआप घडतं. वाटेत फाटा आला की होकायंत्र फिरतं आणि ताफा कुठेतरी वळतो. हे निव्वळ दैव वाटतं, पण अनेक फाट्यांवर वळण ताफ्यात कोणत्या वर्गाच्या किती नौका आहेत यावर ठरतं. दोन विनाशिका जास्त घेतल्या की तोच नकाशा शहाण्यासारखा वागतो.

सर्वांत महाग चूक पुढे जाण्याच्या निर्णयात होते. नुकसानीच्या तीन पायऱ्या: एचपी (नौकेची उरलेली ताकद) ७५ टक्के किंवा कमी म्हणजे 'शोहा', ५० टक्के किंवा कमी 'चूहा', २५ टक्के किंवा कमी 'ताइहा'. फुबुकीचा एचपी १५. तो ११ वर आला की शोहा, ७ वर चूहा, ३ वर ताइहा. चकमक सुरू होताना जी मुलगी ताइहात नाही, ती त्या चकमकीत कितीही मार खाल्ला तरी बुडत नाही. पण ताइहात असताना 'पुढे' दाबलंत तर ती बुडू शकते, आणि बुडाली की कायमची गेली, अंगावरच्या सामानासकट. ताफ्याच्या प्रमुख नौकेला तेवढी सूट आहे. त्यामुळे नियम एकच: निकालाच्या पडद्यावर प्रत्येकीचा पट्टा बघितल्याशिवाय बोट हलवायचं नाही. बुडालेल्या मुलींच्या बहुतेक कहाण्या झोपाळलेल्या डोळ्यांनी दाबलेल्या एका बटणाच्या आहेत. अगदीच जोखीम घ्यायची तर सामानाच्या खणात दुरुस्ती पथक ठेवावं. ते बुडतानाच्या क्षणी २० टक्के एचपी परत देतं, आणि 'दुरुस्तीची देवी' पूर्ण.

विमानवाहू नौका चूहात गेली की तोफांच्या फेरीत तिची विमानं उडत नाहीत, कारण डेक मोडलेला. तायहो इथे वेगळी ठरते. चिलखती डेकमुळे ती चूहातही हल्ला करते. नशीब खोटं, पण हाड मजबूत.

विमानांचा हिशोब बहुतेकांना घाबरवतो, प्रत्यक्षात तो सहावीच्या गणिताएवढा आहे. प्रत्येक खणातल्या लढाऊ विमानाचा हवाई-लढाईचा आकडा गुणिले त्या खणातल्या विमानसंख्येचं वर्गमूळ, अपूर्णांक सोडून द्यायचा, आणि सगळ्या खणांची बेरीज करायची, ती आपली हवाई ताकद. सुधारित कागाचे खण २०, २०, ४६ आणि १२ विमानांचे. 'रेप्पू' विमानाचा आकडा १०. ते ४६ च्या खणात लावलं तर ६७, २० च्या खणात ४४, १२ च्या खणात ३४. वैमानिकांच्या अनुभवाचा बोनस वेगळा, तो तूर्त बाजूला ठेवू. आता समोर शत्रूची हवाई ताकद ६० आहे असं धरा. वरचढ ठरायला तिच्या दीडपट म्हणजे ९० लागतात, आकाश पूर्ण ताब्यात घ्यायला तिप्पट म्हणजे १८०. ४६ च्या खणात एक रेप्पू, ६७, बरोबरीच. दुसरं २० च्या खणात घातलं की १११, काम झालं. तिसरं घातलं तर १५५ होतात, तरी १८० गाठत नाहीत, म्हणजे ते विमान फुकट. त्या जागी बॉम्बफेकी विमान लावायला हवं होतं. नवखे इथेच फसतात: 'जास्त म्हणजे चांगलं' समजून सगळे खण लढाऊ विमानांनी भरतात आणि मग शत्रूला मारणारंच कोणी उरत नाही.

दोन ताफे समोरासमोर कसे येतात हेही फाशावर ठरतं. समांतर ४५ टक्के वेळा, उलट दिशांनी ३० टक्के, आपल्याला अनुकूल 'टी' (आपला ताफा शत्रूसमोर आडवा) १५ टक्के, प्रतिकूल 'टी' १० टक्के. मारा अनुक्रमे १००, ८०, १२० आणि ६० टक्के. १९०५ मध्ये त्सुशिमाला अ‍ॅडमिरल तोगोने रशियन ताफ्यासमोर आडवं वळून आपल्या तोफा जास्तीत जास्त रोखल्या होत्या, तीच ही कल्पना. 'साइउन' हे टेहळणी विमान ताफ्यात असेल तर प्रतिकूल 'टी' टळतो. एक खण खर्च करून दहा टक्क्यांचा घात टाळायचा का, यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालताहेत.

हे नियम गेम सांगत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. टक्के, सूत्रं, वळणांचे नियम, सगळं खेळाडूंनी हजारो चकमकींच्या नोंदी करून काढलेलं आहे. जपानीत याला 'केन्शो' म्हणतात, पडताळणी. त्यासाठी 'पोई' किंवा 'केसीथ्री काई'सारखी साधनं चाहत्यांनीच लिहिली. ती गेमकडून येणारी माहिती वाचून नीट मांडतात. वाचण्यापुरती ठीक. आपोआप बटणं दाबणारं काही लावलंत तर खातं गमावण्याची तयारी ठेवा.

हंगामी लढाऊ मोहिमांमध्ये (या वरच्या रसदीच्या मोहिमांहून वेगळ्या) ऐतिहासिक कारवाया येतात आणि 'फुदा' म्हणजे शिक्का लागतो. एका नकाशावर गेलेली मुलगी शिक्का बसल्यावर दुसऱ्या आघाडीवर चालत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यातली एएल/एमआय मोहीम, म्हणजे अल्यूशियन आणि मिडवे बेटांवरची, अजून आठवणीत आहे. सगळी फौज बाहेर गुंतलेली असताना शेवटच्या नकाशात शत्रू थेट जपानच्या किनाऱ्यापाशी उगवला. ज्यांनी राखीव ताफा ठेवला नव्हता त्यांनी तेव्हा जे शिकायचं ते शिकून घेतलं.

आणि आपल्यासाठी एक तुकडा: गेममध्ये पश्चिमेकडे गेलं की हिंदी महासागर लागतो, पण त्याचं नाव 'करी महासागर' आहे. श्रीलंका 'रिरांका' झाली आहे. अपमान वाटून घेऊ नये, जपानी नौदल दर शुक्रवारी करी खातं.

अझूर लेन: त्याच नौका, वेगळा खेळ

मे २०१७ मध्ये चीनमध्ये आलेला 'अझूर लेन' शांघायच्या मानज्यू आणि शामेनच्या योंगशी या कंपन्यांचा. जपानी आवृत्ती त्याच सप्टेंबरात, इंग्रजी आवृत्तीची खुली चाचणी ऑगस्ट २०१८ मध्ये. कानकोरे फक्त जपानी भाषेत आहे आणि जपानबाहेर तो अधिकृतपणे खेळताही येत नाही. त्यामुळे मराठी वाचकाला सुरुवात करायची तर अझूर लेन सोयीचा.

इथे लढाई तुमच्या अंगठ्याखाली असते. पुढे तीन हलक्या नौका, मागे तीन जड. पुढच्या तिघींना फिरवत गोळ्या चुकवायच्या, मागच्यांचा भडिमार आणि हवाई हल्ला वेळ साधून सोडायचा. एचई (स्फोटक) गोळे हलक्या चिलखतावर, एपी (चिलखतभेदी) जड चिलखतावर, एवढं पाळलं तरी पुष्कळ नकाशे सुटतात. देशांची नावं बदललेली: अमेरिका 'ईगल युनियन', जर्मनी 'आयर्न ब्लड', जपान 'साकुरा एम्पायर'. चरित्र इथेही मुरलेलं आहे. अमेरिकन विमानवाहू 'एंटरप्राइझ'ला तिच्या खलाशांनी दिलेलं 'लकी ई' हे नाव तिच्या कौशल्याचं नाव झालं.

बांधकाम मात्र सरळसरळ गाचा, म्हणजे नशिबाची सोडत. हलक्या बांधकामाला ६०० नाणी आणि एक क्यूब (बांधकामासाठी लागणारी गेममधली वस्तू), जड आणि मर्यादित काळाच्या बांधकामाला १५०० नाणी आणि दोन क्यूब. यूआर या सर्वांत दुर्मीळ दर्जाच्या मुलीची शक्यता बहुधा १.२ टक्के असते. हिशोब करून बघा: अर्धी आशा धरायला ५८ बांधकामं लागतात, म्हणजे ११६ क्यूब आणि ८७,००० नाणी. १०० बांधकामांनंतरही शंभरातले तीस जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. २०० झाली की ती हमखास मिळते, आणि शंभरातल्या नऊ जणांना त्या हमीचीच वाट बघावी लागते. म्हणून शहाणे लोक ४०० क्यूब साठेपर्यंत साध्या बांधकामांना हात लावत नाहीत. पैसे खर्च करायला लावणारी खरी गोष्ट मुली नाहीतच, त्यांचे कपडे आहेत. नौका फुकटात जमतात, पोशाख विकत.

आमचं मत विचाराल तर नौकेशी इमान कानकोरेचं जास्त, खेळाशी अझूर लेनचं. अझूर लेनमध्ये 'रून' किंवा 'मोनार्क'सारख्या कधी बांधल्याच न गेलेल्या, 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' या दुसऱ्या गेममधून आलेल्या नौकाही आहेत. नौकेला चरित्रच नसलं की मुलगी नुसती देखणी उरते.

न आवडणारा भाग

दोन तक्रारी वाजवी आहेत. पहिली, मुलींचे कपडे. मार बसला की ते फाटतात, आणि विनाशिका दिसायला शाळकरी असतात. हे कलेच्या नावाखाली झाकण्यात अर्थ नाही. दुसरी, इतिहास. चीन आणि कोरियात जपानी शाही नौदलाची आठवण गोड नाही. कानकोरे शत्रूला कोणत्याही देशाचं नाव न देऊन हा प्रश्न टाळतो. २०१४ मध्ये बिस्मार्क, २०१६ मध्ये आयोवा अशी परदेशी मुलींची भर त्याने नंतर घातली.

कानकोरेवरच्या २०१५ च्या अ‍ॅनिमेत हा टाळलेला प्रश्न अंगाशी आला. तिसऱ्या भागात 'किसारागी' लढाई संपल्यावर एका भरकटलेल्या विमानाच्या बॉम्बने बुडते. इतिहासात ती ११ डिसेंबर १९४१ ला वेक बेटाजवळ वाइल्डकॅट विमानांच्या हल्ल्यात बुडाली, म्हणजे पटकथा खरीच होती. चाहते तरी भडकले, कारण गेमच्या नियमाने ताइहात नसलेली मुलगी बुडत नाही. इतिहास पाळायचा की नियम, यावर तेव्हा जी दुफळी पडली ती अजून सांधलेली नाही.

पडद्याबाहेर

तोक्योच्या बिग साइटला ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये भरणाऱ्या कोमिकेतमध्ये चाहत्यांची स्वतः छापलेली पुस्तकं विकली जातात. २०१३ च्या डिसेंबरपासून काही वर्षं तिथे कानकोरेच्या टेबलांची रांग संपत नसे. माइझुरु आणि कुरे ही जुन्या तळांची गावं तीर्थक्षेत्रं झाली. कुरेच्या संग्रहालयात यामातोची दहापट लहान प्रतिकृती आहे, तीही २६.३ मीटर लांब. गावातल्या हॉटेलांत नौदलाच्या वेगवेगळ्या जहाजांच्या पाककृतीची करी मिळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मिडवेजवळ पाच किलोमीटरहून खोल पाण्यात कागा आणि आकागीचे अवशेष सापडले, तेव्हा चाहत्यांनी चित्रांचा पाऊस पाडला.

मॉडेल बांधणाऱ्यांसाठी १/७०० हे प्रमाण सोयीचं: यामातो साडेसदतीस सेंटीमीटरची होते, शिमाकाझे ही विनाशिका साडेअठराची. 'वॉटरलाइन' लिहिलेल्या किटमध्ये पाण्याखालचा भाग नसतो, ते तुटलेलं समजून परत करू नका.

कॉस्प्लेमध्ये, म्हणजे पात्राचा वेश करण्यात, खरी कसोटी 'गिसो'ची, म्हणजे कमरेला लावायच्या तोफा-मनोऱ्यांची. मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी बांधत असाल तर ईव्हीए फोमची शीट घ्या: मनोऱ्यांना ८ ते १० मिलिमीटर, बारीक कामाला ३ ते ५. नळ्यांना पीव्हीसी पाइप मोहात पाडतो, पण दोन्ही बाजूंना चार-चार पाइप लटकले की कंबर तासाभरात हार मानते. त्याऐवजी फोमच गुंडाळा आणि आत पातळ काठी घाला. जोडायला फेव्हिकॉल एसआरसारखं गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळवून मग दाबायचं. घाईने ओलं चिकटवलं की सांधा सरकतो. नुसत्या हॉट ग्लूवर विसंबू नका, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो मऊ पडतो. रंगाआधी शीटवर हीट गन फिरवून छिद्रं बंद करा, नाहीतर फोम रंग पीत राहतो. सगळं वजन रुंद कमरपट्ट्यावर घ्यायचं, खांद्यांवर पट्टे फक्त तोल सांभाळायला. आणि डावी, उजवी, पाठ असे तीन तुकडे वेल्क्रो आणि बकलने सुटे होतील असंच बांधा, कारण लोकलच्या दारातून अख्खी कोंगो आत जात नाही.